पाव फेरा

तुइरे म्हणाली, मामा, तुम्ही फक्त हात लावा,
डोळे माझे वापरा.
म्हणून आलो. उणे अठरा.
गॅरेजच्या कुलपातला बर्फ
रौनीबाईंनी किटलीच्या पाण्यानं वितळवला.

'लगेच सुरू नको करूस.
सुरू केलं की कुठलंही यंत्र गोड बोलतं.
बंद असताना विचार त्याला.'

आत अंधार असावा. मला तसंही
उजेड-अंधारात आता एकोणीस-वीसच.
ताम्पेरेच्या धबधब्याकाठी अडतीस वर्षं
कातकाम केलं, मापं डोळ्यांनी घेतली.
डोळे संपले. बोटं शिल्लक आहेत.

बेड.
टेलस्टॉकच्या टोकापासून निघालो.
इथे अजून हातघासणीच्या खुणा लागतात,
कारखान्यातून निघाला तसाच, कोरा.
आणि चकच्या वीतभर अलीकडे
बोट उतरतं.
सूतभर म्हणणारा खोटारडा.
केसभर. पण उतरतं.

'कॅरेज इथे आवळ. आता ढकल पलीकडे.'
मध्यापर्यंत आली, अडून बसली.
म्हणजे गृहस्थ लांबलचक बेड विकत घेऊन
जन्मभर वीतभर जागेतच कातत होता.

'काय करायचे हो ते?'
रौनीबाई म्हणाल्या, आमिषं.
बर्फाला भोक पाडून मासे धरतात ना, त्यासाठी, पितळेची.
ताउनो स्वतः मासा खात नसे. वास सहन व्हायचा नाही त्याला.

'मग नको घ्यायला?' तुइरे पुटपुटली.
थांब गं. तुला काय, गिरणीचा दांडा कातायचाय?
ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह, त्यांच्या टोप्या, एखादा माउथपीस.
तुझंही सगळं वीतभरच.
आणि पितळ भांडत नाही.

स्पिंडलवर डायल लाव. फिरव हातानं, सावकाश.
'काटा दोन घरं हलला.'
शतांशाची? 'हो.'
चालेल. सकाळी कॉफीआधी माझे हात याहून जास्त हलतात.

गिअर बिस्किटांच्या डब्यात होते.
एकेक काढून ती दात मोजत गेली,
मी बोटांनी पुन्हा मोजले.
त्रेसष्टचं नव्हतं.
ते नाही तर इंचातले आटे विसर,
आणि तुझी ती जुनी अमेरिकन वाद्यं
इंचातच विचार करतात.
बाईंनी फडताळ धुंडाळलं, खिळ्यांचे डबे उपडे केले.
नाही सापडलं.

शेवटी बटण.
आवाज कोरडा, एकसुरी. कुठे खोकला नाही.
बेअरिंगवर तळहात ठेवून उभा राहिलो,
कॉफी येईपर्यंत. कोमट झालं, तापलं नाही.

बंद करून क्रॉस-स्लाइडचं हँडल धरलं, उलटं फिरवलं:
पाव फेरा नुसता रिकामा,
मग कुठे स्लाइड हलली.
हा खेळ. स्क्रूचा आणि नटाचा.
तुइरेला म्हटलं, याला घाबरायचं नाही,
फक्त दर वेळी एकाच बाजूनं यायचं,
पुढे गेलीस तर पुरती मागे जा, मग पुन्हा ये.

कपबशी ठेवता ठेवता रौनीबाई म्हणाल्या,
तोही तसाच होता.
काही विचारलं की आधी काहीच नाही.
मला वाटायचं, ऐकलंच नाही यानं.

नऊशे युरो म्हणाल्या होत्या.
मी गिअर दाखवला, म्हणजे नसलेला. सातशे.
साडेसातशेवर आलो,
आणि खोक्यातली आमिषं तुइरेला फुकट.

मग तिनं न्यायच्या आधी
वरची छोटी स्लाइड मागे घ्यायला हात घातला.
'थांबा,' बाई म्हणाल्या. 'तिथे आकडा असतो ना?
काय आहे तो?'
'चार पूर्णांक पस्तीस.'
पावतीच्या मागे त्यांनी लिहून घेतला.
पेन गारठलेलं होतं, दोनदा गिरवावं लागलं.

खेळ धरला तर तो आकडा
इकडचा की तिकडचा, सांगता येत नाही.
मी कॉफी संपवली.